मुठीचे माप : मावळातल्या भाताला बी, मीठ आणि खत



मृगाचे ढग घाटमाथ्यावर जमू लागले की आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत एकच लगबग सुरू होते. कणगीतले बी बाहेर निघते, खताच्या गोण्या पडवीला लागतात, बांधांची डागडुजी होते. आणि मग चावडीवर, एस. टी.च्या थांब्यावर, सोसायटीच्या ओट्यावर एकच प्रश्न ऐकू येतो, "यंदा खत किती टाकायचं?" प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्या पाठोपाठ आणखी एक प्रश्न विचारायला हवा, तो फारसा कुणी विचारत नाही. टाकलेले खत पडले कुठे, आणि पडले तिथेच राहिले का?

शिफारस नेहमी क्षेत्राला असते, हेक्टरी इतके किलो, एकरी इतके किलो. पण भाताच्या चुडाला हेक्टर ठाऊक नसतो. त्याच्या मुळांच्या वीतभर घेरात जेवढे दाणे पडतील तेवढेच त्याचे. एका चुडाजवळ मूठभर पडले आणि पलीकडच्याजवळ काहीच नाही, तर कागदावरचा हिशोब बरोबर येतो, शेतातला मात्र चुकतो. म्हणून आज आपण बी, मीठ आणि खत या तीन गोष्टी हाताळायच्या कशा, त्यांचे माप कसे धरायचे, आणि त्या सारख्या पसरायच्या कशा, एवढेच बघणार आहोत.

मीठ ऐकून कुणी दचकेल. "भाताला मीठ?" शेतात नाही हो, बादलीत. आणि कामाची सुरुवात तिथूनच होते.

घरचे बी असो वा बाजारचे, त्यात काही दाणे भरलेले असतात, काही अर्धवट पोसलेले, काही नुसते फोल. सुपाने पाखडून फोल उडून जाते, पण अर्धे पोसलेले दाणे सुपातच राहतात. तेही उगवतात, हीच तर अडचण. उगवतात, पण रोप बारीक निघते, लावणीत मुंडी टाकते, फुटवे कमी देते. हे दाणे वेगळे काढायला मिठाचे पाणी लागते. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचे. याला तीन टक्क्यांचे द्रावण म्हणतात. मीठ विरघळले की पाणी जरासे जड होते. त्यात थोडे थोडे बी सोडून ढवळायचे आणि पाणी स्थिर होऊ द्यायचे. पोकळ नि हलके दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाशी बसलेले बी काढून चांगल्या पाण्याने दोनतीन वेळा धुवायचे आणि सावलीत चोवीस तास वाळवायचे. धुण्यात आळस नको. दाण्याला मीठ चिकटून राहिले तर तेच मीठ उगवण मारते.

मीठ अंदाजाने टाकू नये, वजन करून घ्यावे. काही ठिकाणी सांगतात की पाण्यात ताजे अंडे तरंगेपर्यंत मीठ घाला. तसे पाणी फार खारट होते, दहा टक्क्यांच्या आसपास किंवा पुढेही जाते. आपल्याकडची शिफारस तीन टक्क्यांची आहे आणि त्या पाण्यात अंडे बुडतेच. जपानात मात्र याहून पुष्कळ जास्त मीठ घालतात, त्यांचे वाण वेगळे, पद्धत वेगळी. ही युक्ती मुळात तिकडचीच म्हणायची. योकोई तोकियोशी नावाच्या शेतीशास्त्रज्ञाने १८८२ साली मिठाच्या पाण्याने भाताचे बी निवडण्याची रीत तिथे सांगितली. आपल्याकडे ती पसरली ती जपानी पद्धतीच्या भातशेतीबरोबर. जुन्या मंडळींना आठवत असेल, १९५३ साली त्या पद्धतीची देशभर मोहीम निघाली. तिच्या आधी बोरिवलीच्या कोरा केंद्रात तिचे प्रयोग झाले होते. गादीवाफे, ओळीत लावणी, निवडक बी, मापून खत हे शब्द त्या काळात गावोगाव पोचले. पुढे मोहिमेचे नाव मागे पडले. मिठाची बादली मात्र टिकली, कारण तिला खर्च दहापाच रुपयांचा नि वेळ तासाभराचा.

वर आलेले दाणे कोंबड्यांना घालायची पुष्कळांना सवय असते. बी घरचे असेल तर घालायला हरकत नाही. पण पिशवीतल्या विकतच्या बियाण्याला बहुधा आधीच औषध लावलेले असते, त्याचा रंगच सांगतो. असले दाणे कोंबड्यांच्या नि गुरांच्या पुढे कदापि टाकू नयेत, पुरून टाकावेत. अशा पिशवीवर काय लिहिले आहे ते वाचून मगच बी पाण्यात घालावे की नाही ते ठरवावे. घरच्या बियाण्याला औषध चोळायचे असेल तर ते मीठपाण्यानंतर, वाळलेल्या बियाण्याला चोळावे. अझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची पाकिटे सगळ्यांत शेवटी, दहा किलो बियाण्याला प्रत्येकी अडीचशे ग्रॅम. उरलेले खारे पाणी रोपाच्या वाफ्यात, झाडाच्या आळ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

आता हे निवडलेले बी वाफ्यात पेरायचे. पूर्वी मावळात राब भाजल्याशिवाय रोप टाकायचेच नाहीत. पालापाचोळा, शेण, झाडांच्या फांद्या पसरून जमीन भाजायची. त्याने तणाचे बी मरते आणि राख मिळते, हे खरे. पण त्यापायी दरवर्षी किती झाडे ओरबाडली जातात ते डोंगराकडे पाहिले की दिसते. गादीवाफा करून कुजलेले शेणखत घातले तर न भाजताही रोप चांगले येते.

एक हेक्टर लावणीला दहा गुंठे रोपवाटिका आणि पस्तीस ते चाळीस किलो बी, असे साधारण प्रमाण आहे. म्हणजे गुंठ्याला साडेतीन ते चार किलो, आणि वाफ्याच्या एका चौरस मीटरला चाळीस ग्रॅमच्या आसपास. घरच्या तराजूवर चाळीस ग्रॅम बी एकदा मोजून तळहातावर घेऊन पाहा. पुष्कळांना ते फारच थोडे वाटेल आणि हात आपोआप आणखी बी उचलेल. तिथेच थांबायचे. दाट पेरलेली रोपे उजेडासाठी एकमेकांशी झगडतात, उंच नि पिवळट होतात, आणि उपटताना मुळे तुटतात. ओळीत पेरता आले तर उत्तमच. फोकून पेरायचे असेल तर प्रत्येक वाफ्याचे बी आधी वेगळे मोजून घ्यावे, त्याचे दोन भाग करावेत, एक भाग वाफ्याच्या लांबीने चालत टाकावा आणि दुसरा आडवा. वारा पडलेला असताना पेरावे. मग वर हलकासा मातीचा थर. हीच दोन भागांची युक्ती पुढे खतालाही लागणार आहे.

आता मुख्य विषय, खत.

मावळात आता मोठ्या प्रमाणावर लावला जातो तो इंद्रायणी. आपल्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून तो काढला आणि १९८७ साली तो शेतकऱ्यांच्या हाती आला. आंबेमोहराचा वास आणि ठेंगण्या वाणाची खत पचवायची ताकद, दोन्ही त्यात थोडीथोडी उतरली. सुधारित वाणांना हेक्टरी शंभर किलो नत्र, पन्नास किलो स्फुरद आणि पन्नास किलो पालाश अशी सर्वसाधारण शिफारस असते. माती तपासून घेतलेली असेल तर तिथे आलेला आकडा धरावा, नसेल तर हा.

पण मावळात हेक्टरभर सपाट शेत असते किती जणांकडे? इथे असतात खाचरे. कुणाचे अडीच गुंठ्यांचे, कुणाचे साडेतीन, कुणाचे कोयत्यासारखे वाकडे. म्हणून हिशोब गुंठ्यावर आणावा. तो सोपा आहे. हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे. म्हणजे हेक्टरी शंभर किलो नत्र म्हणजे गुंठ्याला एक किलो नत्र. नत्र म्हणजे युरिया नव्हे बरं का. युरियात शंभरात शेहेचाळीस भाग नत्र असते. त्यामुळे एक किलो नत्रासाठी युरिया लागतो दोन किलो पावणेदोनशे ग्रॅम. हा सगळा एकदम द्यायचा नसतो. चाळीस टक्के चिखलणीच्या वेळी, चाळीस टक्के फुटवे येताना, आणि वीस टक्के पीक फुलोऱ्याकडे झुकताना. म्हणजे पहिला हप्ता गुंठ्याला आठशे सत्तर ग्रॅम युरिया. त्याबरोबर सिंगल सुपर फॉस्फेट तीन किलो सव्वाशे ग्रॅम आणि म्युरेट ऑफ पोटॅश आठशे तीस ग्रॅम, हे दोन्ही पूर्ण एकाच वेळी. मिश्रखत वापरणार असाल तर त्यातले नत्र या आकड्यातून वजा करायला विसरू नका.

"आमच्याकडे एकराला अमुक गोण्या टाकायची पद्धत आहे," असे पुष्कळ जण सांगतात. पण कोणती गोणी? युरियाची गोणी पूर्वी पन्नास किलोची होती, २०१८ सालापासून ती पंचेचाळीस किलोची झाली. म्हणजे गोण्यांचा जुना हिशोब दहा टक्क्यांनी चुकला. किलोत बोलावे हेच बरे.

खाचराचे क्षेत्र मोजायचे तर गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद, एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. वाकड्या खाचराचे त्रिकोण नि चौकोन पाडून मोजता येते. हे काम गुरुजी, तुमच्या पाचवी-सहावीच्या मुलांना द्या. पुस्तकातल्या त्रिकोणाच्या क्षेत्रफळापेक्षा बापाच्या खाचराचे क्षेत्रफळ त्यांना लवकर कळेल. आणि प्रत्येक खाचराचा आकडा एकदा वहीत लिहून ठेवला की दरवर्षी मोजायला नको.

आता युरियाचे पाण्यात काय होते ते समजून घेऊ. युरिया साखरेसारखा झटकन विरघळतो. विरघळलेला युरिया मातीला चिकटत नाही, तो पाण्याबरोबर जाईल तिकडे जातो. दोनचार दिवसांत मातीतले जिवाणू त्याचा अमोनिया-रूप नत्र करतात, आणि ते रूप मात्र चिकणमातीचे कण धरून ठेवतात. म्हणजे पहिले दोनचार दिवस धोक्याचे. त्या दिवसांत खाचरातले पाणी वाहत राहिले तर तुमचा युरिया खालच्या खाचरात जातो. तिथल्या शेजाऱ्याचे पीक हिरवेगार दिसते आणि आपण म्हणतो, त्याची जमीन चांगली! त्याच्याही बांधाला खांड असेल तर तिथून ओढ्यात, ओढ्यातून इंद्रायणीत किंवा पवनेत. शिवाय साचलेल्या पाण्यावर युरिया टाकला आणि ऊन पडले तर बराचसा नत्र वायू होऊन हवेत उडतो. काही भाग जमिनीत खोल जाऊन तिथे हवेअभावी वाया जातो. भातखाचरात फेकून दिलेल्या युरियातला साधारण तीस ते चाळीस टक्केच नत्र पिकाच्या अंगी लागतो, असे जगभरचा अनुभव सांगतो. दहा रुपयांतले सहासात रुपये पाण्यात आणि वाऱ्यात.

त्यात आपला पाऊस. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पूर्वेकडे वडगाव-तळेगावला येईतो तो निम्म्याच्याही खाली येतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला, आणि घाटमाथ्यावर असा दिवस काही दुर्मीळ नाही, तर एका गुंठ्यावर दहा हजार लिटर पाणी पडते. पाण्याचा मोठा टँकरच म्हणा ना. तो एका गुंठ्यावर ओतल्यावर आठशे सत्तर ग्रॅम युरियाचे काय होईल, सांगायला नको. म्हणून कार्ले, मळवलीच्या वरच्या अंगाला जी काळजी घ्यावी लागते तेवढी तळेगावच्या बाजूला लागत नाही. एकच सल्ला साऱ्या तालुक्याला लागू करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

नदीवरची जलपर्णी पाहून काही जण सगळा दोष शेतातल्या खताला देतात. ते बरोबर नाही. जलपर्णीचे मुख्य खाद्य म्हणजे वस्त्यांचे नि शहरांचे सांडपाणी. पण आपल्या खांडीतून गेलेला नत्रही त्याच पाण्यात मिसळतो, आणि त्याचे पैसे तर आपणच दिलेले असतात.

तेव्हा पहिला हप्ता शेवटच्या चिखलणीला द्यावा. खाचरातले जास्तीचे पाणी काढून टाकावे, पायाच्या बोटांवर येईल इतकेच ठेवावे. खांडी मातीने पक्क्या लिंपाव्यात, खेकड्यांनी पाडलेली भोके चाचपून बुजवावीत. खत पसरावे आणि लगेच फळी फिरवून चिखलात मिसळावे. चिखलात गेलेला युरिया पाण्यावर तरंगणाऱ्या युरियापेक्षा कितीतरी सुरक्षित. रेडिओवरचा हवामानाचा अंदाज ऐकून, मुसळधार पावसाची सूचना असेल तर दोन दिवस थांबावे. खत गोणीत असताना त्याचे काही बिघडत नाही, गोणी जमिनीला टेकवून ओलीत ठेवली नसेल तर.

आता ते सारखे पसरायचे कसे? एक गुंठ्याचे खाचर घेऊ. आठशे सत्तर ग्रॅम युरिया इतका थोडा असतो की तो नुसता हजार चौरस फुटांवर सारखा पडणे कठीण. म्हणून त्यात पाचपट ओलसर, बारीक माती मिसळावी. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि सोडला की फुटावा, इतकीच ओली. एकूण मिश्रण झाले सव्वापाच किलो. त्याचे दोन सारखे भाग करा. आता खाचराच्या बांधावर दर अकरा फुटांवर एक काठी रोवा. तेहतीस फुटांत अकरा-अकरा फुटांचे तीन पट्टे पडतात. एक भाग या तीन पट्ट्यांत वाटायचा, म्हणजे एका पट्ट्याला साधारण आठशे सत्तर ग्रॅम मिश्रण. पट्ट्याच्या मधून चालत, डावी-उजवीकडे हात फिरवत टाकायचे. दुसरा भाग आडव्या दिशेने, पुन्हा तीन पट्टे पाडून. एका दिशेत राहिलेली फट दुसऱ्या दिशेत भरून निघते.

प्रत्येकाची मूठ वेगळी. म्हणून आपापल्या मुठीचे माप काढून ठेवावे. वीस मुठी घमेल्यात टाका, वजन करा, वीसने भागा. समजा एक मूठ साठ ग्रॅमची निघाली, तर एका पट्ट्याला चौदापंधरा मुठी. मग पट्ट्याच्या मध्यावर आलो तेव्हा सात मुठी संपल्या का, एवढे बघत चालले की पुरे. पहिल्या दिवशी हे मोजणे जड जाते, तिसऱ्या खाचराला हाताला सवय होते. बायका हे काम पुरुषांपेक्षा सारखे करतात, असे माझे निरीक्षण आहे. पुरुष लांब फेकण्याच्या नादात बांधापलीकडे फेकतात!

काही गोष्टी मिसळू नयेत. अमोनियम सल्फेटमध्ये राख किंवा चुना मिसळला की नाकाला झोंबणारा वास येतो. तो वास म्हणजे आपले नत्रच उडून चालले. युरियातही राख घालू नये. युरिया आणि सुपर फॉस्फेट आदल्या दिवशी मिसळून ठेवले तर सकाळी चिकट काला झालेला असतो आणि तो मुठीतून सुटतच नाही. ही दोन्ही वेगवेगळी पसरावीत, नाहीतर मिसळून लगेच. हाताला जखम असेल तर हातमोजा किंवा निदान प्लास्टिकची पिशवी घालावी, खत झोंबते.

गुरुजनहो, शाळेत एक प्रयोग अवश्य करा. खताची गरज नाही, कोरडी वाळू पुरे. मैदानात तेहतीस फुटांचा चौरस चुन्याने आखा. वर्तमानपत्राचे कागद घडी घालून, कडा उभ्या करून, फूटभर लांब-रुंद नऊ ट्रे बनवा आणि ते चौरसात सारख्या अंतरावर तीन ओळींत ठेवा. अकरा किलो वाळू मोजून घ्या आणि एका मुलाला ती साऱ्या चौरसावर एकाच दिशेने फेकायला सांगा. वाळू सारखी पडली तर प्रत्येक ट्रेमध्ये दहा ग्रॅम यायला हवी. प्रयोगशाळेच्या नाहीतर वाण्याच्या तराजूवर प्रत्येक ट्रेतली वाळू तोला आणि फळ्यावर नऊ आकडे लिहा. कुठे चार, कुठे वीस असे आकडे दिसतील. मग दुसऱ्या मुलाला तेवढीच वाळू दोन भाग करून उभी-आडवी टाकायला सांगा आणि शेजारी नवे नऊ आकडे लिहा. सरासरी, तफावत, टक्के, सगळे गणित इथे आहे. मुले घरी जाऊन बापाला सांगतील ते आमच्या दहा भाषणांनी होणार नाही.

हेच काम यंत्राने होत नाही का? होते. लोणावळ्या-खंडाळ्याच्या बंगल्यांत हिरवळ राखणाऱ्या माळीदादांच्या हातात दोन चाकांचे एक छोटे यंत्र कधीकधी दिसते. वर पेटी, खाली चाके, मागे दांडा. ढकलत चालले की खत पसरत जाते. याचे दोन प्रकार असतात. एकात पेटीच्या तळाच्या भोकांतून खत सरळ खाली पडते, पेटी जेवढी रुंद तेवढाच पट्टा. दुसऱ्यात पेटीखाली एक चकती फिरते आणि खत पंख्यासारखे दोन्ही बाजूंना उडवते. पहिल्यात दोन पट्ट्यांमध्ये फट राहिली तर हिरवळीवर पिवळी रेघ उमटते आणि पट्टे एकमेकांवर चढले तर गडद हिरवी. दुसऱ्यात मध्ये दाट आणि कडेला विरळ पडते, म्हणून शेजारचा पट्टा आधीच्या पट्ट्याच्या कडेवर थोडा चढवावा लागतो. दोन्हींत चाल एकसारखी ठेवावी आणि वळताना झाकण बंद करावे. नाहीतर वळणावर ढीग पडून गवत जळते.

पेटीवरच्या आकड्यांवर विसंबून राहू नये. प्रत्येक खताचा दाणा वेगळा, कुणाचा गोल, कुणाचा चुऱ्यासारखा, त्यामुळे एकाच आकड्याला वेगवेगळे माप पडते. गुंठाभर जागा मोजून, खत तोलून पेटीत घालावे, ती जागा पुरी करावी आणि उरलेले पुन्हा तोलावे. फरक हेच आपले माप. झडप आधी लहान ठेवून निम्मे माप उभे नि निम्मे आडवे टाकले की चूक झाली तरी छोटी होते. माळीदादांना एक विनंती. जुलै-ऑगस्टच्या धारेत हिरवळीला खत टाकू नका. ते गवताला न लागता गटारातून तळ्यात जाते.

परदेशात हेच यंत्र हिवाळ्यात मीठ टाकायला वापरतात. अमेरिका-कॅनडात राहणारी आपली मंडळी सांगतील, घरापुढच्या वाटेवर बर्फ जमू नये म्हणून तिथे मीठ पसरतात, कारण खारे पाणी लवकर गोठत नाही. मात्र ते मीठ कडेच्या गवतावर पडले की वसंतात तिथे गवत उगवत नाही. आपल्याकडेही कुणी फरशीच्या सांध्यातले गवत मारायला मीठ टाकतात. पावसात ते वाहून झाडांच्या मुळाशी जाते. ते काम खुरप्याने करावे.

भाताच्या खाचरात मात्र चाकाचे यंत्र चिखलात रुतते. गळ्यात अडकवून हाताने फिरवायचे यंत्रही मिळते. मोठ्या, सपाट रानात ते चांगले. आपल्या लहान खाचरात त्याचा झोत बांधापलीकडे जातो, आणि भुकटीचे खत त्याच्या भोकात अडकते. इथे अजून तरी मोजलेली मूठच सरस.

आणि त्याहून सरस एक रीत आहे, जिच्यात युरिया पसरायचाच नाही. मावळ, मुळशी, भोरच्या पट्ट्यात आणि कोकणात पुष्कळ जण ती करतात. डॉ. एन. के. सावंत या मृदाशास्त्रज्ञांनी मांडलेली चारसूत्री भातशेती. भाताचा तूस आणि पेंढा वाया न घालवता पुन्हा जमिनीला देणे, गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडणे, दोरीवर ठराविक अंतराने लावणी, आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या खोचणे, ही ती चार सूत्रे. दोरीवर पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटर अशी आलटून पालटून अंतरे ठेवली की चार चुडांचा एक जवळचा चौकोन तयार होतो. प्रत्येक चौकोनाच्या मध्ये पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाची एक गोळी, सात ते दहा सेंटिमीटर खोल, लावणीच्याच दिवशी हाताने खोचायची. हेक्टरी साडेबासष्ट हजार गोळ्या, म्हणजे गुंठ्याला सव्वासहाशे, वजन एक किलो सातशे ग्रॅम. यातून हेक्टरी साठाच्या आसपास किलो नत्र आणि तिसाच्या आसपास स्फुरद मिळते. शंभराऐवजी साठात भागते, कारण गोळी चिखलाच्या पोटात असते. तिथे ती हळूहळू विरघळते, नत्र तिथल्या मातीला धरून राहते, वरचे पाणी वाहिले तरी ते वाहत नाही. बांगलादेशात हीच रीत 'गुटी युरिया' या नावाने पसरली, तिथेही पाऊस नि पूर आपल्यासारखाच.

यात कष्ट आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. वाकून सव्वासहाशे गोळ्या खोचणे म्हणजे पाठीचे काम, आणि मजुरी तर तुम्हाला माहीतच आहे. म्हणून सगळ्या शेताला जमत नसेल तर उताराच्या, वाहत्या पाण्याच्या खाचरांना गोळ्या द्याव्यात आणि पाणी धरून ठेवणाऱ्या सपाट खाचरांत मोजलेली मूठ वापरावी. ज्या खाचराला गोळी दिली त्याला वरून पुन्हा युरिया फेकू नये. शेजारचे पीक पाहून तो मोह होतो. पण नत्र जास्त झाले की पीक माजते, करपा लवकर धरतो, आणि ऑक्टोबरच्या एका वादळी सरीत इंद्रायणी लोळते. लोळलेल्या भाताचा दाणा पाण्यात गेला की तांदळाची कणी होते आणि भाव पडतो.

मुठीने खत दिलेल्यांनी दुसऱ्या हप्त्याच्या वेळी, म्हणजे फुटवे जोरात येत असताना, आधी बेणणी करून घ्यावी, नाहीतर खत तणालाच. त्याच वेळी बांधावर उभे राहून पिकाचा रंग बघावा. जिथे गडद हिरवे पट्टे दिसतात तिथे पहिल्या वेळी हात जड पडला होता. त्या जागी आता हात आखडता घ्यावा, पिवळट दिसते तिथे दोन मुठी वाढवाव्यात. पाने ओली असताना टाकू नये, दाणे पानाला चिकटून डाग पडतात. दुपारी, दव नि पाऊस सुकल्यावर टाकावे. पाणी पुन्हा बोटभर करावे, खांडी लिंपाव्यात आणि तीनचार दिवस तशाच ठेवाव्यात. मध्येच मोठा पाऊस झाला आणि बांध फुटायची भीती वाटली तर खांड उघडावीच लागते. अशा वेळी ती तळापासून न खणता वरची दोन बोटे माती काढून तेवढेच वरचे पाणी जाऊ द्यावे. खत टाकल्याच्या पहिल्या रात्री बॅटरी घेऊन एकदा खांडीवर चक्कर मारावी, कारण खेकडा त्याच रात्री बांध पोखरतो.